दहापैकी सात

मंगळवार, ४ मार्च
जहाज सुटून दोन तास

चि. मिरी,

आशीर्वाद. सवयीने लिहिले आहेत. नको असतील तर बाजूला ठेव, नासणाऱ्यातले नाहीत.

तिकिटं तू काढलीस हे तुझ्या आईने मला जहाज धक्क्यापासून हलल्यावर सांगितलं. तोवर तिच्या पन्नाशीसाठी तुझ्या मावशीने काढली असंच चाललं होतं. आधी कळलं असतं तर मी चढलो नसतो, हे तिला ठाऊक आहे आणि तुलाही. म्हणजे दोघींनी मिळून मला पाण्यात आणलं, आणि आता आठ रात्री उतरायची सोय नाही. दुसऱ्याच्या खर्चाने फिरायचं तर काय मिळालं ते त्याला नीट कळवावं, एवढं मला कळतं. म्हणून हा अहवाल. आपण तीन वर्षं बोललेलो नाही, तो विषय यात नाही. पत्रं लिहून ठेवतो, घरी पोचलो की टपालात टाकीन.

केबिन नवव्या मजल्यावर. टेप लावून पाहिली: लांबी पाच मीटर दहा, रुंदी दोन मीटर सत्तर. गॅलरीत दोन खुर्च्या, एकीचा वेत सुटलेला. बाथरूमच्या भिंतीत चार भोकं बुजवलेली दिसली. तिथे पूर्वी छोट्या बाटल्यांची फळी असणार. आता भिंतीला ठोकलेला एकच डबा आहे आणि त्यावर लिहिलंय की हाच साबण आणि हाच शाम्पू. टेबलावर लिहायचं पॅड आहे, त्यात कागद सहा. पण पाठीच्या डिंकाची पट्टी इतकी रुंद, की त्यात कधीकाळी पंचवीस तरी असतील. जहाज जुनं नाही, मिरी. जहाजातून एकेक गोष्ट काढून घेतलेली आहे, आणि जिथून काढली तिथे खूण राहिली आहे. अशा खुणा शोधायला मला फार मजा येते, हे मी कबूल करतो.

तुझी आई आत्ताच म्हणाली, "अहो, समुद्र बाहेर आहे."

बाबा


बुधवार, ५ मार्च
समुद्रात, दुपारी

चि. मिरी,

हे पत्र उलटं करून बघितलंस तर आम्ही काल काय जेवलो ते कळेल. सहा कागद कालच संपले. आमची केबिन बघणाऱ्या माणसाकडे आणखी मागितले तर तो ओशाळला. पॅड आता सफरीला एकच मिळतं, म्हणाला. मग थोड्या वेळाने कालच्या भोजनाच्या याद्यांची पाठकोरी पानं घेऊन आला, कडा जुळवून, रबर लावून. न सांगता एवढं करणारा माणूस मी बऱ्याच दिवसांनी पाहिला.

चाळिशीचा आहे, सडपातळ, चालताना आवाज होत नाही. टॉवेलच्या घड्या घालून प्राणी करतो. काल पलंगावर हत्ती होता. तुझी आई तो मोडू देईना, म्हणून आंघोळीनंतर मी हातरुमालावर भागवलं. तिने त्या माणसाचं नाव घडीदादा ठेवलंय आणि त्यालाही ते आवडलेलं दिसतं.

आता जेवण. सकाळी पावाचा गोल तुकडा ताटलीत घेतला आणि हातालाच कळलं की यातून काहीतरी गेलंय. खिशातला वजनाचा छोटा काटा काढला. तुझी आई म्हणाली, लोक खिशात बायकोचा फोटो ठेवतात. माझं लक्ष काट्याकडे होतं, तो स्थिर होत नव्हता. जहाज लाटेवर उचललं गेलं की पाव जड, खाली बसलं की हलका. चाळीस, चव्वेचाळीस, एक्केचाळीस. शेवटी वीस वेळा वाचून सरासरी काढली: बेचाळीस ग्रॅम.

शेजारच्या टेबलावर एक निवृत्त दंतवैद्य एकटेच बसतात, ते हे सगळं चमचा हवेत धरून बघत होते. त्यांची ही सहावी सफर. माझ्यासारखा श्रोता मिळाल्यावर त्यांचं तोंड जे उघडलं ते मिटेना. पहिल्या सफरीत रुमाल कापडी होते, आता कागदी. तेव्हा केबिन दिवसातून दोनदा आवरायचे, आता एकदा. उशीवर चॉकलेट असायचं. मासे पूर्ण मिळायचे, आता चांगला मासा हवा तर वरच्या मजल्यावर वेगळे पैसे भरून. मी विचारलं, मग लोक काही म्हणत नाहीत? ते म्हणाले, दर वर्षी एकच दात काढतात हो. एकदम कवळी बसवली असती तर आरडाओरडा झाला असता.

सूप मात्र चांगलं होतं. गरम होतं.

बाबा


शुक्रवार, ७ मार्च
समुद्रात

चि. मिरी,

आज प्रवाशांना मुदपाकखाना दाखवला. माझ्यासाठी सफर इथेच वसूल झाली.

एक तरुण मुलगी झेंडी हातात घेऊन तीस जणांना फिरवत होती, रोज इतकी अंडी, रोज इतके बटाटे. मी पावाच्या विभागापाशी थांबलो. तिथला मुख्य पाववाला जाडजूड, कोपरापर्यंत पीठ. मी विचारलं, पावाचा गोळा कितीचा धरता? झेंडीवाली म्हणाली पुढे चला. पाववाला म्हणाला, थांबू द्या. तुमचा अंदाज सांगा.

मी म्हटलं, भाजून बेचाळीस भरतो, म्हणजे कच्चा अठ्ठेचाळीस.

"एकोणपन्नास," तो म्हणाला आणि हसला. मी हात मिळवला, पीठ लागलं तरी. मग तो बोलला. तो या जहाजावर आला तेव्हा गोळा पासष्टचा होता. मग साठ झाला, मग पंचावन्न. आकडा किनाऱ्यावरच्या कचेरीतून येतो, तिथल्या कुणी पीठ मळलेलं नाही. पाव लहान झाला त्याच वर्षी ताटल्याही लहान आल्या, त्यामुळे डोळ्याला फरक कळत नाही. मग त्याने कोपऱ्यातला तराजू दाखवला, जुना, दोन पारड्यांचा, पितळी वजनांचा. इलेक्ट्रॉनिक काटे दोन वेळा पाठवले, म्हणाला, पण लाटेवर ते नाचतात. याच्यात लाट आली तरी दोन्ही पारडी बरोबरच उचलली जातात. मला हे बुधवारीच सुचायला हवं होतं. तीस वर्षं काटे दुरुस्त करतोय, आठवीनंतर जे काही शिकलो ते बिघडलेले काटे उघडून शिकलो, पण समुद्रावरचा काटा कधी हातात आला नव्हता. सांडशीने चिमटा काढल्यासारखं वाटलं, आणि बरंही वाटलं. कुणीतरी मला विचारलं, तुम्ही या धंद्यातले का? मी म्हटलं, पावाच्या नाही, वजनाच्या.

परत आलो तर दाराखालून एक कार्ड सरकवलेलं होतं. अर्ध्या सफरीचा अभिप्राय, प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण. असलं काम मी घाईने करत नाही. जेवण पाच. स्वच्छता सहा. केबिन सेवक, नावानिशी: सात. खाली लिहिलं, पडद्याची एक कडी निसटली आहे, एका ग्लासावर बोटाचा ठसा होता, बाकी काम उत्कृष्ट. माझं सात म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तीस वर्षांत सातच्या वर मी कुणाला गेलेलो नाही.

तुझी आई म्हणाली, माणूस एवढं करतो, पूर्ण द्या की. मी म्हटलं, पूर्ण दिले तर उद्या तो सुधारणार कशात?

ती गॅलरीत जाऊन बसली, वेत सुटलेल्या खुर्चीवर. काय झालं विचारलं तर म्हणाली, "हे वाक्य मी आधी ऐकलंय." कुठे, ते मी विचारलं नाही.

बाबा


रविवार, ९ मार्च

चि. मिरी,

यात जे आहे ते मला लिहायचं नव्हतं. पण अहवाल अर्धा ठेवायची मला सवय नाही.

काल सकाळी पडद्याची कडी बसलेली होती. ग्लास असे घासलेले की त्यांत चेहरा दिसावा. मला वाटलं, बघा, सात दिल्याचा गुण. पण घडीदादा वर बघेना. दिवसातून एकदाच आवरायचं असताना तो तीनदा आला. पलंगावर प्राणी नव्हता, टॉवेल नुसते घडी करून ठेवलेले, चारी कोपरे काटेकोर. दुपारी त्याच्याबरोबर वही घेतलेल्या पर्यवेक्षक बाई आल्या. त्यांनी दाराच्या वरच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि आम्हाला दिवस छान जावो म्हणून गेल्या.

आज तुझ्या आईने त्याला दारातच अडवलं. बस म्हणाली, तो बसला नाही. काही नाही मॅडम, काही नाही मॅडम. तुझ्या आईपुढे काही नाही किती वेळ टिकतं, तुला अनुभव आहे. शेवटी तो माझ्याकडे वळला, रागाने नाही, एखाद्याला वाट चुकल्याचं सांगावं तसा.

"साहेब, इथे दहा म्हणजे ठीक. नऊ म्हणजे लक्ष ठेवा. सात म्हणजे घरी जा."

नवाच्या खाली आलेला आकडा तक्रार धरतात. एका करारात दोन तक्रारी झाल्या की पुढचा करार मिळत नाही. पहिली गेल्या महिन्यात झाली होती, कुणाचा तरी इस्त्रीचा शर्ट उशिरा पोचला म्हणून. पूर्वी एका माणसाकडे चौदा केबिन असत, आता बावीस आहेत, उशीर होणारच. त्याचा करार तीन आठवड्यांत संपतो. घरी दोन मुली शिकताहेत. दुसरी तक्रार म्हणजे मी.

मी म्हटलं, पण मी खाली उत्कृष्ट असं लिहिलंय. तो म्हणाला, अक्षरं कंप्युटरमध्ये जात नाहीत साहेब, आकडा जातो.

मिरी, दुकानात कुणी काटा घेऊन आलं की मी पहिल्यांदा काय बघतो, तू लहानपणी स्टुलावर बसून बघितलंयस. शून्य कुठे आहे आणि जास्तीत जास्त किती उचलतो. ते माहीत नसेल तर मधल्या आकड्याला काही अर्थ नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत आलो. आणि माझ्या स्वतःच्या हातात कार्ड आलं तेव्हा मी दोन्हींपैकी काहीच विचारलं नाही. सरळ माझा घरचा काटा लावला.

उद्या काउंटरवर जातो.

बाबा


सोमवार, १० मार्च

चि. मिरी,

पाचव्या मजल्यावर प्रवाशांच्या चौकशीचा काउंटर आहे. सव्वानऊला रांगेत उभा राहिलो, दहाला नंबर लागला. काउंटर सहा आहेत, माणसं दोनच बसतात. सवयीने मोजलं.

तिथली बाई अतिशय हसतमुख. मी म्हटलं, माझं कार्ड परत द्या. ती म्हणाली, कार्ड फाडून टाकलं, आकडा कंप्युटरमध्ये गेला, तो बदलता येत नाही. मी म्हटलं, मी इथून हलत नाही. हे मी मोठ्याने म्हटलं नाही, पण माझ्या मागे अकरा माणसं होती आणि तिला ती दिसत होती. ती आत जाऊन आली आणि तिने एक छापील अर्ज समोर ठेवला. प्रवाशाने चूक लेखी मान्य केली तरच आकडा रद्द होतो. त्यासाठी तीन चौकटी होत्या, त्यांतल्या एकीवर खूण करायची. पहिली, माझं कार्ड दुसऱ्याने भरलं. दुसरी, मी चुकून दुसऱ्या सेवकाचं नाव लिहिलं. तिसरी, मला मापनपद्धती समजली नाही.

पहिल्या दोन खोट्या होत्या. मी तिला म्हटलं, चौथी चौकट हवी: तुमची मापनपद्धती चुकीची आहे. मी समजावून सांगितलं, जो काटा चांगल्या आणि वाईटात फरक दाखवत नाही, सगळ्यांना दहाच, तो काटा नव्हे. मी या विषयावर बोलू शकतो, तुला माहीत आहे. ती सगळं ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, आणि यावेळी हसली नाही:

"सर, तुमचं खरं आहे. पण त्या माणसाला याच काट्यावर उभं राहायचंय."

पेन हातात घेतलं. तीस वर्षांत तीन बाजारपेठांतले काटे माझ्या हातून गेले. सरकारी तपासनीस अडला की मला बोलावतो. मला मापनपद्धती समजली नाही. तिसऱ्या चौकटीत खूण केली. सही केली. ते वाक्य छापलेलं होतं म्हणून बरं, मला हाताने लिहायला लागलं असतं तर अक्षर आलं नसतं.

तुझी आई शेजारी उभी होती. मला वाटलं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "तारीख टाका." एवढंच.

वाटेत दंतवैद्य भेटले. मी त्यांना विचारलं, तुम्ही कार्डावर काय देता? ते म्हणाले, जहाजाला शिव्या आणि माणसांना दहा. सहा सफरी केल्यात हो, एवढं तरी कळलं.

बाबा


मंगळवार, ११ मार्च
उद्या सकाळी उतरायचं

चि. मिरी,

आज जेवून आलो तर पलंगावर तराजू होता. घडीदादाने कपड्याच्या हँगरला दोन्हीकडून हातरुमाल बांधून पारडी केली होती आणि प्रत्येकात साबणाची एकेक वडी. तुझी आई हसत हसत खाली बसली. पण एक पारडं खाली गेलं होतं. मी दोन्ही वड्या काट्यावर ठेवल्या: एक वीस ग्रॅम, एक पंधरा. तो दारात उभा होताच. म्हणाला, भिंतीवर डबे लागायच्या आधीचे, जुना साठा आणि नवा साठा, साहेब. मुद्दाम ठेवला. तुम्ही मोजणार हे माहीत होतं.

त्याची तक्रार रद्द झाली. पर्यवेक्षक बाईंनी तक्रारींच्या फलकावरून नाव पुसलं, हे त्याने सांगितलं आणि लगेच म्हणाला, बाकीच्या केबिन राहिल्यात.

शेवटचं कार्ड भरलं. कंपनीसाठी मी वेगळी चार पानं लिहिली आहेत, गोळ्याचं वजन, साबण, बाटल्यांची भोकं, पॅडचा डिंक, सहा काउंटर, बावीस केबिन, सगळं. ती कुणी वाचणार नाही, पण त्यात एकही आकडा चूक नाही. आणि त्याच्या नावापुढे दहा लिहिले. हात अडला, शून्य गोल आलं नाही. ग्लासावरचा ठसा मी विसरलेलो नाही. पण ठसा एक होता आणि बावीस केबिनींचे मिळून ग्लास चव्वेचाळीस होते, हा हिशेब मी आधी मांडला नव्हता.

आता जो विषय यात नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, तो.

तुझ्या खानावळीच्या पहिल्या दिवशी तू अभिप्रायाची कोरी वही माझ्यासमोर ठेवलीस. पहिलं पान माझं, म्हणालीस. मी लिहिलं: सात. सूप थोडं कोमट. दाराची बिजागरी वाजते. टेबल क्रमांक तीन डुगडुगतं. असे एकूण अकरा मुद्दे. लोक उभे होते. तू वाचलंस आणि म्हणालीस, "बाबा, आज तरी." मी म्हटलं, आज नाही तर कधी? आणि ते पूर्ण दिले तर सुधारणार कशात, हेही तेव्हाच म्हटलं. तुझी आई तिथे होती.

त्या सातच्या वर माझ्याकडे आकडा नव्हता. पण वही तुझ्या दारात ठेवलेली होती आणि वाचणारी तुझी गिऱ्हाइकं होती. माझा काटा त्यांना कसा माहीत असणार? तुला माहीत होता असं मी धरून चाललो. तेही कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो होतो, हे तुला माहीत नाही. टेबल तीनच्या पायासाठी रबराची चकती कापून आणली होती, साडेतीन मिलिमीटर. काचेतून तू दिसलीस, वहीचं पहिलं पान फाडत होतीस. नीट, पट्टी लावून. मी परत गेलो. चकती अजून पाकिटात आहे.

पुढच्या गुरुवारी दुपारी दीडला मी गिऱ्हाईक म्हणून येऊ शकतो. चालत नसेल तर आईला सांग.

बाबा


बुधवार, १२ मार्च
घरी

चि. मिरी,

हे पत्र टपालात टाकणार आहे, बाकीची टाकायची गरज उरली नाही. तुझ्या आईने किनारा जवळ येऊन रेंज आली की माझ्या प्रत्येक पत्राचे फोटो काढून तुला पाठवले, हे आज टॅक्सीत कळलं. छापील बाजूसकट, म्हणजे आम्ही काय जेवलो तेही. मी रागावणार होतो, पण तिने तुझं उत्तर समोर धरलं. ते इथे उतरवून ठेवतो, फोनवरचं राहत नाही:

"बाबा, गुरुवारी खानावळ बंद असते. तीन वर्षांत एवढी चौकशी झाली नाही? पत्रांना सात. शुक्रवारी दीडला या. टेबल तीन अजून डुगडुगतं."

सात वाचून तुझी आई हसली. मी दोनदा वाचलं आणि फोन तिला परत दिला, आणि मग पुन्हा मागून घेतला.

शुक्रवारी येतो. खिशातला काटा घरी ठेवीन. पण चकती तीन वर्षांपूर्वीच्या मापाची आहे आणि एवढ्या दिवसांत टेबलाचा पाय आणखी झिजला असणार. तेव्हा दोन आणतो.

बाबा